टाइम स्टडीत रेटिंग कसं द्यायचं: पहिल्यांदा घड्याळ हातात घेणाऱ्यांसाठी

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग विभागात नवीन लागलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच आठवड्यात स्टॉपवॉच येतं, ते टाइम स्टडी करायला, म्हणजे काम घड्याळाने मोजून त्याची वेळ ठरवायला. घड्याळ वाचायला दोन दिवस पुरतात. गाडी अडते ती शेजारच्या रकान्यात. त्यावर ‘रेटिंग’ लिहिलेलं असतं आणि तिथे ९० लिहायचं की ११०, हे सांगायला कोणी नसतं. मग बहुतेक जण वरपासून खालपर्यंत १०० लिहून मोकळे होतात, आणि तो स्टडी रद्दीत टाकण्याच्या लायकीचा होतो.

रेटिंग म्हणजे समोरचा माणूस ज्या गतीने काम करतोय तिचा ठरलेल्या प्रमाण गतीशी लावलेला मेळ. एकच नग जोडायला एकाला १६ सेकंद लागतात, दुसऱ्याला २१. ठरणारी वेळ मात्र तुम्ही कोणासमोर उभे होतात यावर अवलंबून राहून चालत नाही. म्हणून घेतलेल्या वेळेला रेटिंगने गुणून १०० ने भागतात, आणि जी येते ती मूळ वेळ. हाताने करायच्या ०.८० मिनिटाच्या कामात रेटिंग दहा टक्क्यांनी चढं लागलं, तर वेळ ०.८८ होते. ४५० मिनिटांच्या पाळीत ५६२ नगांच्या जागी ५११ येतात. चूक उलट्या बाजूला झाली तर तेवढाच भार ऑपरेटरच्या अंगावर पडतो, आणि तो तुम्हाला लवकर भेटायला येतो.

आधी जमवायच्या गोष्टी

- दशांश मिनिटांचं स्टॉपवॉच, म्हणजे मिनिटाचे १०० भाग दाखवणारं. सेकंदांचं घड्याळ चालतं, पण नंतरच्या हिशेबात चुका होतात.
- क्लिपबोर्ड आणि निरीक्षण तक्ता. त्यात रेटिंगचा रकाना वेळेच्या रकान्याच्या डावीकडे हवा. का, ते पाचव्या पायरीत येईल.
- कामाची चालू प्रोसेस शीट किंवा वर्क इन्स्ट्रक्शन, रिव्हिजन नंबरसह.
- मापनपट्टी, वजनकाटा, आणि स्पिंडलचे (मशिनच्या फिरत्या दांड्याचे) फेरे मोजायला टॅकोमीटर.
- त्या कामाचा जुना स्टडी असेल तर तो.
- युनियनशी झालेल्या कराराची प्रत. उत्पादनाचे आकडे आणि वेळ बदलण्याची पद्धत बऱ्याचदा त्यातच लिहिलेली असते.

१. कंपनीत कोणती मोजपट्टी चालते ते विचारा

हे न विचारता कामाला लागू नका. आपल्याकडे सर्वांत जास्त वापरात आहे ती ब्रिटिश मानकातली ० ते १०० ची पट्टी. नाव तसं असलं तरी तिचे आकडे १०० च्या वरही जातात. तिच्यात १०० म्हणजे हात बसलेला सरासरी कामगार, नगावर पैसे मिळत असताना ज्या चटपटीतपणे काम करेल ती गती. रोजावर असलेला, घाई नाही पण वेळही दवडत नाही असा माणूस ७५ वर येतो. ५० म्हणजे चाचपडत, अर्धवट झोपेत असल्यासारखं काम. १२५ ला हात दिसतात न दिसतात इतके सफाईने फिरतात. १५० फार थोडे गाठतात, आणि गाठलं तरी ते फार वेळ टिकत नाही.

जुन्या कारखान्यांच्या कपाटांत मात्र दुसऱ्याही पट्ट्या निघतात. चार्ल्स बेदोच्या पद्धतीतल्या ६०–८० च्या पट्टीवरचे ८० म्हणजे आपले १००. १००–१३३ च्या पट्टीवर रोजाची गती १०० धरतात, म्हणून तिथले ११० आपल्या पट्टीवर साडेब्याऐंशीच्या आसपास येतात. कोणती पट्टी होती हे न पाहता जुन्या स्टडीशी तुलना केली की ‘पूर्वीचे लोक फार जोरात काम करायचे’ असा भलताच निष्कर्ष निघतो.

वेस्टिंगहाउसची १९२७ ची पद्धतही अजून शिकवली जाते. तिच्यात कौशल्य, प्रयत्न, परिस्थिती आणि सातत्य अशा चार गोष्टींना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करतात. कौशल्य चांगलं +०.०६, प्रयत्न सरासरी ०, परिस्थिती बरी −०.०३, सातत्य चांगलं +०.०१, म्हणजे रेटिंग १०४. कागदावर हे फार शास्त्रीय दिसतं. प्रत्यक्षात एका अंदाजाचे चार अंदाज होतात एवढंच. शिवाय खराब परिस्थितीचा हिशेब इथे करायचा आणि पुढे विश्रांतीच्या भत्त्यात, म्हणजे मूळ वेळेवर वाढवून द्यायच्या वेळेत, पुन्हा करायचा, असा दुहेरी घोळ नवखे हमखास करतात. कंपनीत ही पद्धत रुजलेली नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

२. डोळा बसवा

रेटिंग वाचून येत नाही, डोळ्यांना वळण लावावं लागतं. त्याची दोन साधनं जुनी आणि जवळपास फुकट आहेत.

पहिलं चालणं. सपाट, गुळगुळीत जमिनीवर २० मीटर अंतर खडूने आखा. मोकळ्या हातांनी सरळ चालणाऱ्या, मध्यम बांध्याच्या माणसासाठी १०० रेटिंग म्हणजे ताशी ६.४ किलोमीटर. त्या वेगाने २० मीटरला ११.२५ सेकंद लागतात. ७५ ला १५ सेकंद, १२५ ला ९ आणि ५० ला साडेबावीस. मधल्या कोणत्याही वेगासाठी ११२५ ला सेकंदांनी भागलं की रेटिंग मिळतं. १२.५ सेकंद लागले तर ९०.

दुसरं पत्ते. ५२ पत्त्यांचा कॅट डाव्या हातात धरायचा, अंगठ्याने वरचा पत्ता पुढे सरकवायचा, उजव्या हाताने उचलून साधारण ३० सेंटिमीटरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर पाळीपाळीने टाकायचा. सगळा कॅट २२.५ सेकंदांत वाटून झाला तर १००, ३० सेकंद लागले तर ७५. इथे २२५० ला सेकंदांनी भागायचं.

सरावाची रीत अशी. एक जण वेगवेगळ्या गतीने चालतो किंवा पत्ते वाटतो. बाकीचे घड्याळ न बघता आकडा लिहितात, कोणी कोणाचा पाहत नाही. वेळ घेणारा शेवटी खरं रेटिंग सांगतो. असे वीसेक प्रयोग झाले की आलेखाच्या कागदावर आडवं खरं रेटिंग, उभं तुमचं रेटिंग असे ठिपके टाका. ठिपके ४५ अंशांच्या रेषेभोवती यायला हवेत.

नवख्याचे ठिपके बहुधा त्या रेषेपेक्षा आडव्या रेषेवर बसतात. १२५ ला तो ११० देतो, ७५ ला ९०. संथ माणसाला वर ओढायचं, जलद माणसाला खाली, आणि सगळ्यांना शंभराच्या आसपास आणून बसवायचं. धीर नसल्याचं हे लक्षण आहे, आणि जवळपास प्रत्येकाला सुरुवातीला असतं. ठिपके रेषेला समांतर पण सगळे वर किंवा सगळे खाली असतील, तर दोष सोपा आहे. डोळ्याचा काटा सरकलेला आहे, पाच-दहा अंकांची सवय बदलली की झालं. ठिपके विस्कटलेलेच असतील तर सराव वाढवा. बहुतेक अंदाज ±५ च्या आत येईपर्यंत खऱ्या कामावर रेटिंग देऊ नका.

नंतर मोबाइलवर आपल्याच शॉपमधल्या कामांचे छोटे व्हिडिओ घेऊन हाच प्रयोग करा, अर्थात ऑपरेटरला विचारून. चालण्यातली १०० ची गती आणि स्क्रू बसवण्यातली १०० ची गती एकच आहे, हे डोळ्याला पटायला वेळ लागतो. मुरलेल्या माणसांनीही दर दोन-तीन महिन्यांनी एकत्र बसून काटा तपासून घ्यावा. एकटं काम करणाऱ्याचा डोळा हळूहळू सरकतो आणि त्याला ते कळत नाही.

३. माणूस निवडा आणि आधी बोला

ज्याचा त्या कामावर हात बसलेला आहे असाच ऑपरेटर घ्या. नवा ट्रेनी अडखळतो. त्याच्या अडखळण्याला ७० देऊन हिशेब जुळवता येईल असं वाटतं, पण तो मुळात वेगळ्या हालचाली करत असतो, आणि वेगळ्या हालचालींची भरपाई रेटिंगने होत नाही. शॉपमधला सगळ्यांत वेगवान माणूसही टाळा. जमलं तर दोन-तीन जणांवर स्टडी करा.

सुपरवायझर, युनियनचा प्रतिनिधी आणि स्वतः ऑपरेटर, तिघांनाही आधी सांगा. सरळ म्हणा, “मामा, पुढचा तासभर इथे उभा राहून या कामाची वेळ घेतोय. तुम्ही रोज करता तसंच करा. तक्ता शेवटी तुम्हाला दाखवतो.” खांबाआड उभं राहून चोरून वेळ घेणं हा या धंद्यातला सर्वांत महाग पडणारा शहाणपणा आहे. गिरणगावात १९२८ साली सहा महिने संप चालला, त्यामागच्या मोठ्या कारणांत एका विणकराकडे दोनच्या जागी तीन माग देण्याची योजना होती. कामाचा बोजा किती वाढवायचा, हा प्रश्न या भागात तेव्हापासूनच हळवा आहे.

उभं राहायचं ते ऑपरेटरच्या किंचित मागे आणि बाजूला, साधारण दोन मीटरवर. क्लिपबोर्ड छातीच्या उंचीला धरा, म्हणजे घड्याळ आणि त्याचे हात एकाच नजरेच्या रेषेत येतील. समोर उभं राहू नका. खुर्ची तर मागूच नका.

४. पद्धत पक्की करा, मग तुकडे पाडा

प्रोसेस शीटमध्ये लिहिलंय तसंच काम होतंय का, ते आधी बघा. बिन (सुटे भाग ठेवायचा डबा) ४० सेंटिमीटरवर असायला हवा तो मीटरभर लांब ठेवलेला असेल, तर तो जागेवर आणल्याशिवाय घड्याळ लावू नका. मशिनचे फेरे आणि फीड (हत्यार पुढे सरकण्याची गती) मोजून तक्त्यावर लिहा. स्टडीच्या वेळी स्पिंडल एक पायरी खाली आणून ठेवणं ही जुनी युक्ती आहे, आणि ती रेटिंगमध्ये पकडता येत नाही.

मग कामाचे घटक पाडा. ०.०४ मिनिटापेक्षा छोटा घटक घड्याळाने नीट मोजता येत नाही. घटक कुठे संपतो ते आवाजावरून किंवा स्पर्शाच्या क्षणावरून ठरवा. क्लॅम्प ‘खट्’ वाजला, नग ट्रेमध्ये पडला, असं काहीतरी. हाताचं काम आणि मशिनचं काम एका घटकात कधीही मिसळू नका. ऑटो फीडवर ड्रिल चालू असताना माणसाच्या गतीचा संबंधच नसतो, त्यामुळे त्या घटकाला रेटिंग लागत नाही.

५. आधी रेटिंग, मग घड्याळ

एवढा एक नियम पाळलात तरी अर्धं काम झालं. घटक चालू असताना नजर हातांवर. घटक संपत आला की रेटिंग मनात ठरवा, तक्त्यावर लिहा, आणि त्यानंतरच घड्याळ वाचा. उलटं केलंत की काटा १८ वर दिसतो, मागच्या वेळी १७ होता हे आठवतं, आणि हात आपोआप ९५ लिहितो. मग ते रेटिंग राहत नाही, वेळेचीच उलटी नक्कल होते. गुणाकार सुरेख जुळतात आणि त्यांना काडीचा अर्थ नसतो. रेटिंगचा रकाना डावीकडे ठेवायचा तो यासाठीच.

आकडे पाचाच्या पटीत द्या. ९७ लिहिणाऱ्याला तेवढं दिसत नसतं. रेटिंग प्रत्येक फेरीत प्रत्येक घटकाला वेगळं द्या. घटक अर्ध्या मिनिटापेक्षा लांब असेल तर दर अर्ध्या मिनिटाला एक.

बघायचं काय? हालचालींचा वेग, आणि तो वेग किती कामी येतोय ते. हात थेट बिनमध्ये जातो की घुटमळतो? नग पहिल्या झटक्यात लोकेटरवर (त्याची जागा पक्की करणाऱ्या पिनवर) बसतो की दोनदा फिरवावा लागतो? हात भराभर फिरतायत पण नग दोनदा ठोकला जातोय, विनाकारण फडकं मारलं जातंय, तर ती लगबग दिखाऊ आहे. उलट जुन्या माणसाचे हात सावकाश दिसतात, पण एकही हालचाल वाया जात नाही. तिथे नवखा ८५ देतो आणि खरं रेटिंग १०५ असतं. घाम, दमणं, चेहऱ्यावरची धडपड यांना गुण नाहीत.

कामाचा अवघडपणाही लक्षात घ्या. मोकळ्या हाताने चालण्याची १०० ची गती आणि १५ किलोची कास्टिंग उचलून नेण्याची १०० ची गती डोळ्यांना एकसारखी दिसणार नाही. प्रश्न नेहमी असा विचारायचा, की हेच काम, याच वजनाने, याच काळजीने, हात बसलेला माणूस चटपटीतपणे कसं करेल?

मशिन चालू असताना करायच्या कामांत एक खास सापळा आहे. समजा ड्रिल ४२ सेंटिमिनिट, म्हणजे ०.४२ मिनिट आपोआप चालतं, आणि तेवढ्यात ऑपरेटर आधीच्या नगाची कड कानशीने साफ करतो. ते काम १०० च्या गतीने २० सेंटिमिनिटांचं आहे. पण लवकर उरकून हात बांधून उभं राहणं कोणाला बरं वाटतं? तो ते ३०–३३ पर्यंत पसरतो. कानस संथ फिरते, नग उजेडात धरून दोनदा पाहिला जातो. इथे प्रामाणिक रेटिंग ६० ते ७० आहे. नवख्याला एवढा कमी आकडा लिहायला संकोच वाटतो. तो ९५ लिहितो आणि माणूस पूर्ण गुंतलेला आहे असा अहवाल जातो. यात ऑपरेटरचा दोष काही नाही. त्याला घाई करण्याचं कारणच नाही.

६. हिशेब

त्याच ड्रिलच्या कामाचा हिशेब पुढे नेऊ. वेळा सेंटिमिनिटांत. पहिला घटक: नग उचलून जिगमध्ये (तो धरून ठेवणाऱ्या साच्यात) बसवणे, क्लॅम्प आवळणे, फीड लावणे. पाच नोंदी अशा:

रेटिंग १००, वेळ १८ → १८.०
रेटिंग १०५, वेळ १७ → १७.९
रेटिंग ९५, वेळ १९ → १८.१
रेटिंग ९०, वेळ २० → १८.०
रेटिंग ११०, वेळ १६ → १७.६

सरासरी १७.९. नोंदलेली वेळ १६ ते २० अशी हलते, पण उजवीकडचा आकडा जवळपास जागेवर राहतो. रेटिंग बरोबर असल्याची हीच खूण. याच कामगाराला भीत भीत ११० च्या जागी १०० आणि ९० च्या जागी १०० दिलं असतं, तर शेवटचे दोन आकडे १६ आणि २० आले असते. मूळ वेळ कामगाराच्या गतीबरोबर वरखाली होत असेल, तर दोष तुमच्या डोळ्यात आहे.

क्लॅम्प सोडणे, नग काढणे, ब्रशने चिप्स झाडणे या घटकाची मूळ वेळ १४.० धरू. फेरी झाली १७.९ + ४२ + १४.० = ७३.९. कानशीचे २० मशिनच्या वेळेत झाकले जातात, ते फेरीत मिळवायचे नाहीत.

७. भत्ते रेटिंगमध्ये मिसळू नका

उष्णता, उभं राहणं, वजन, थकवा या सगळ्याची जागा विश्रांतीच्या भत्त्यात आहे. “भट्टीजवळ काम करतोय बिचारा” म्हणून दहा अंक वाढवणं म्हणजे दया चुकीच्या रकान्यात लिहिणं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रचलित तक्त्यात पुरुषांसाठी वैयक्तिक गरजा ५ टक्के, मूळ थकवा ४ टक्के आणि उभ्याने काम २ टक्के आहेत. स्त्रियांसाठी वैयक्तिक गरजांचे ७.

वरच्या उदाहरणात वैयक्तिक ५ टक्के पूर्ण ७३.९ वर लावले की ३.७ येतात. थकव्याचे आणि उभ्याचे ६ टक्के फक्त हाताच्या कामावर, आणि इथे झाकलेलं कानशीचं कामही मोजायचं. ५१.९ चे ६ टक्के ३.१. एकूण ८०.७, म्हणजे ०.८०७ मिनिट, तासाला ७४ नग. मशिन चालू असताना उरणारे २२ सेंटिमिनिट विश्रांती म्हणून वजा करू नका. अर्ध्या मिनिटापेक्षा छोटी मोकळीक विश्रांतीत धरत नाहीत. ड्रिल बदलणं, चिप्सचा ट्रे रिकामा करणं, गेज लावून तपासणं यात आलेलं नाही. ते वेगळं मोजून प्रत्येक नगावर वाटायचं.

८. किती फेऱ्या, कोणत्या वेळी

छोट्या फेरीला जास्त, लांब फेरीला कमी. सूत्र वापरायचं तर ±५ टक्के अचूकता आणि ९५ टक्के विश्वास धरतात. पाळी सुरू होतानाचा तास, जेवणानंतरचा तास आणि रात्रपाळी यांतली एकेक खेप तरी घ्या. स्टडी सुरू केल्याची आणि संपवल्याची भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लिहा. सगळ्या नोंदींची बेरीज त्या फरकाशी २ टक्क्यांच्या आत जुळली नाही, तर पुन्हा घ्या.

९. आकडा जाहीर करण्याआधी

तीन ऑपरेटरांच्या मूळ वेळा घटकागणिक शेजारी मांडा. दोघांचा एखादा घटक १४ आणि तिसऱ्याचा १९ असेल, तर रेटिंगला हात लावण्याआधी त्या घटकाची पद्धत पाहा. बहुधा तिसरा ब्रशच्या जागी हवेची गन शोधायला जात असतो.

एमटीएमसारख्या, म्हणजे हाताच्या प्रत्येक हालचालीला आधीच ठरलेली वेळ लावणाऱ्या पद्धतीने काढलेल्या वेळेशी ताडायचं असेल तर पट्टी आडवी येते. एमटीएमची शंभरची गती ब्रिटिश पट्टीवर साधारण ८३ ला बसते. म्हणून तिथे निघालेलं १ मिनिट आपल्याकडे ०.८३ होतं. हा गुणाकार विसरून ‘आमची वेळ फार कडक आहे’ अशी ओरड बऱ्याच ठिकाणी होते.

मूळ तक्ता, पेन्सिलच्या खाडाखोडीसह, जपून ठेवा. स्वच्छ नक्कल करून मूळ फेकू नका. सोबत कामाच्या जागेचं रेखाटन, बिनांची अंतरं, फेरे आणि फीड, प्रोसेस शीटचा रिव्हिजन नंबर हवा. वर्षभराने तक्रार आली की पहिला प्रश्न असतो, तेव्हा काम असंच होत होतं का? फिक्स्चर बदललं असेल तर नवा स्टडी घ्या. काही बदललं नसेल तर तक्रार करणाऱ्याला आणि युनियनच्या प्रतिनिधीला शेजारी बसवून तोच तक्ता ओळीओळीने वाचून दाखवा. ज्या ओळीचं रेटिंग तुम्हाला समजावून सांगता येणार नाही, त्या घटकाचा स्टडी त्यांच्यासमोर पुन्हा घ्या.